डुकरांनी न ऐकलेलं गाणं

माझ्या थोरल्या भावाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली आदिलाबादच्या भाजीबाजारात लोक मला अडवून विचारतात, मॅडम, ते गाण्यावाले चंपतराव तुमचेच भाऊ ना? कसले डोंबलाचे गाण्यावाले! या माणसाने जन्मात कधी भजनात टाळ धरला नाही. कुणाच्या लग्नात बँड सुरू झाला की हा मांडवामागे जाऊन तंबाखू मळत उभा राहायचा आणि बँड थांबला की पंगतीला हजर व्हायचा. आणि आज तोच माणूस मला, मराठी शाळेतल्या बाईला, तोंड वर करून सांगतो की अमुक पोरांचं आधीचं काम बरं होतं, नाव झाल्यापासून बिघडले.

मी वनमाला. लग्न करून आदिलाबादला आले आणि तिथेच शाळेत लागले. दादाचं गाव तलमडुगु मंडळात, म्हणजे तालुक्यात, सागाच्या रानाला चिकटून. दर रविवारी मी तिकडे जाते. शाळेत मुलांना मी शुद्ध बोलायला शिकवते, 'करून राह्यलो' म्हटलं की टोकते, आणि गावच्या बसमध्ये बसले की माझंच 'काऊन' आणि 'मंग' सुरू होतं. त्याला माझा इलाज नाही.

दादाच्या वावरात पावसाळ्यात कापूस. विहिरीच्या अंगाला वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. दसऱ्यानंतर भुईमूग. भाजी तो स्वतः बाजारात नेतो आणि गिऱ्हाइकाशी मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही भाषांत सारखंच भांडतो. भुईमूग मात्र शकुवहिनीचा. बी ती निवडते, पेरणी तिच्या हातची, आणि दाणा भरायला लागला की रोज एक झाड उपटून बघितल्याशिवाय तिला जेवण जात नाही. आता भुईमूग आणि सागाचं रान शेजारी शेजारी असलं की काय होणार? रानडुकरं येणार. एक टोळी आली की सकाळी वावर नांगरलेलं दिसतं, आणि शेंगांची टरफलंसुद्धा मोजकीच सापडतात. मारायची सोय नाही, कायदा आहे. गावाने सगळं करून पाहिलं. बांधाभोवती जुन्या साड्या ओढल्या, न्हाव्याकडून केस आणून टाकले, फटाके फोडले. डुकरांनी साड्या फाडल्या, केस हुंगले, फटाके संपायची वाट पाहिली.

मग भोंगे आले. बॅटरीवरचा भोंगा मचाणावर बांधायचा, मोबाइल जोडायचा, आणि एक गाणं लावून घरी जाऊन झोपायचं. ते गाणं रात्रभर फिरून फिरून वाजत राहतं. गावात प्रत्येकाने सिनेमाचं जोरदार गाणं लावलं. दादानेही लावलं. पण इतर लोक घरी झोपले आणि हा मचाणावर बसून बघत राहिला, आणि इथेच सगळा घोळ झाला.

त्याने बघितलं ते असं. पहिल्या रात्री डुकरं आलीच नाहीत. दुसऱ्या रात्री बांधाच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती. तिसऱ्या रात्री आत येऊन खात होती, आणि दादा शपथेवर सांगतो की त्यातलं म्हातारं डुक्कर ठेक्यावर शेपूट हलवत होतं.

"डुक्कर आवाजाले भेत नाई, वनू," तो मला म्हणाला. "अनोळखीले भेते."

म्हणजे रोज नवं गाणं पाहिजे. नवं म्हणजे डुकरांना नवं. यावर त्याने असा काही विचार केला की एवढा त्याने पोराच्या लग्नाचाही केला नसेल. गाजलेलं गाणं चालणार नाही, कारण ते गणपतीत वाजतं, वरातीत वाजतं, ट्रॅक्टरवर वाजतं, आणि डुकरं रानात बसून सगळं ऐकतात. एकदा मी चांगलं म्हणून एक गाणं सुचवलं तर हा चटकन म्हणाला, ते नको, ते त्यांनी गावातल्या भगवानरावाच्या पोरीच्या लग्नात ऐकलंय. मी म्हटलं, डुकरांना आमंत्रण होतं का? त्याला हसू आलं नाही. त्याला खरंच वाटत होतं की जे गाणं माणसांमध्ये फिरलं ते डुकरांपर्यंत पोचलंच.

तलमडुगुच्या बसथांब्यापाशी खुशालचं मोबाइलचं दुकान आहे. लोक त्याच्याकडे जातात आणि म्हणतात, हिट गाणी भरून दे. दादा गेला आणि म्हणाला, कोणीच ऐकत नाही असं काही आहे का? खुशाल आधी भडकला, त्याला वाटलं दुकानाची थट्टा चाललीय. मग कारण कळल्यावर तो खुर्ची ओढून बसला. त्याने सांगितलं की देशभर अशी पोरं आहेत जी आपापल्या खोलीत बसून गाणी करतात, स्वतःच लिहितात, स्वतःच वाजवतात, कोणती कंपनी नाही की सिनेमा नाही, आणि इंटरनेटवर टाकून देतात. काही गाणी तर त्यांच्या आईबापांनीसुद्धा ऐकलेली नसतात. गाण्याच्या खाली आकडा असतो, किती जणांनी ऐकलं त्याचा.

दादाला बाकी काही समजलं नसेल, तो आकडा बरोबर समजला. त्या दिवसापासून तो गाण्याचं नाव बघत नाही, गाणाऱ्याचं तोंड बघत नाही. आधी आकडा. आकडा मोठा असला की म्हणतो, बाटलं. लहान असला की डोळे बारीक करून कान देतो.

दुपारी भाजी विकून आला की तो विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली बाजेवर पडायचा आणि कानात वायर घालून नवी गाणी पारखायचा. शकुवहिनी त्याला चहा द्यायला जायची तर हा हात वर करून तिला थांबवायचा, जसा काही रेडिओवर निकाल चाललाय. कुठली कुठली गाणी! बेंगळुरूची पोरं पत्र्याचे डबे बडवतायत. कोणी पावसात टेप चालू ठेवून नुसता उसासे टाकतोय. एक आसामकडची पोरगी अशी गाते की पुढचा सूर कुठे जाईल ते तिला स्वतःला माहीत नसावं. तिच्याबद्दल तो फार आदराने बोलायचा. ती भरवशाची नाही, म्हणायचा, आणि हे त्याच्याकडचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र होतं. एकसारखा ठेका नको, तो डुकरांना लवकर पाठ होतो. मध्येच बंद पडून परत सुरू होणारं गाणं उत्तम. ऐकताना आपल्या अंगावर पहिल्याच मिनिटात काटा आला पाहिजे, तर डुकराच्या येणार. असं करता करता त्याच्या मोबाइलमध्ये ढीगभर गाणी जमली आणि त्याच्याकडे मतं जमली, आणि मतं असलेला माणूस घरात किती जड होतो हे ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

एकदा तर कहर झाला. हैदराबादची चार पोरं, त्यांचं एक गाणं दादाने दोन रात्री सलग वाजवलं होतं. गाण्याचं खातं खुशालने दादाच्या नावाने काढलेलं, त्यामुळे त्या पोरांना कुठेतरी दिसलं की आदिलाबाद जिल्ह्यातला एक माणूस आपलं गाणं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ऐकतो, आणि एवढं तर पुऱ्या हैदराबादेत कोणी ऐकत नाही. त्यांनी इंग्रजीत निरोप पाठवला. आमच्या गाण्यात तुम्हाला काय भावतं, असं विचारलं. तो निरोप मला वाचून दाखवावा लागला आणि उत्तरही मलाच लिहावं लागलं. दादा सांगत होता आणि मी मान खाली घालून लिहीत होते. पहिल्या रात्री सगळे बाहेर थांबले. दुसऱ्या रात्री दोघं आत आले, पण अस्वस्थ होते. पुढचं गाणं करताना सुरुवात आणखी वाईट करा, आणि मध्ये जो गोड भाग आहे तो काढून टाका, तिथे ते निवांत होतात. मी डुकरांचा उल्लेख गाळला. माझी हिंमत झाली नाही. पोरांचं उत्तर आलं की इतकं खरं कोणी बोललं नव्हतं, आणि पुढच्या गाण्यात त्यांनी तो गोड भाग खरंच काढला. ते गाणं दादाच्या वावरात चार रात्री चाललं.

गावाला हे कळल्याशिवाय राहतं का? दादाच्या वावरातून हाकललेली डुकरं शेजाऱ्याच्या मक्यात शिरायला लागली, मग तो आला, आज कोणतं लावताय गा, विचारत. मग त्याच्या पलीकडचा आला. संध्याकाळी पारावर दादा बसायचा आणि लोक मोबाइल घेऊन यायचे. बाहेरचा माणूस रात्री आमच्या गावावरून गेला तर त्याला काय वाटत असेल देव जाणे. एका वावरात कोणी इंग्रजीत रडतोय, दुसऱ्यात सायकलची घंटी वाजतेय आणि बाई हळूच काहीतरी पुटपुटतेय, तिसऱ्यात नुसती भिंतीला खिळा ठोकल्याचा आवाज. आणि मध्ये सगळीकडे अंधारात भुईमूग.

तुम्ही म्हणाल, मजा आहे की. मलाही वाटली असती, पण वहिनीचं काय चाललं होतं ते मी बघत होते. त्याआधी लागोपाठ तीन हिवाळे डुकरांनी तिचा भुईमूग नेला होता. यंदा दसऱ्याला बी निवडताना तिने सुपातून मान न उचलता सांगितलं होतं की या साली डुकरांनी खाल्लं तर वावर ठोक्याने, म्हणजे खंडाने, देऊन टाकायचं आणि प्रवीणकडे हैदराबादला जाऊन राहायचं. प्रवीण म्हणजे त्यांचा मुलगा, तिथे कंपनीत आहे, फ्लॅट आहे, दर आठवड्याला बोलावतो. वहिनी एक गोष्ट दोनदा सांगत नाही. तिने सांगितलं म्हणजे ते झालं.

दादा एकदा प्रवीणकडे राहून आला होता. आल्यावर मी विचारलं, कसं होतं, तर म्हणाला, चांगलं होतं, पाणी चोवीस तास. नंतर वहिनीकडून कळलं की सून ऑफिसला, नातू शाळेत, नातू घरी आला की इंग्रजी बोलणार, आणि दादा दिवसभर गॅलरीत उभा. भांडायलाही कोणी नाही. ज्या माणसाने तीन भाषांत भांडून आयुष्य काढलं त्याला गप्प उभं करायचं म्हणजे काय, ते मला बरोबर समजलं. तो रोज नवं गाणं का शोधत होता ते तुम्हालाही आता समजलं असेल. भुईमूग गेला की वावर गेलं, आणि वावर गेलं की दादा गॅलरीत.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी गेले तर हा बाजेवर उठून बसलेला. नेहमीसारखा गाण्याला नावं ठेवत नव्हता. मला जवळ बसवलं आणि स्वतःच्या हाताने वायर माझ्या कानात घातली.

आधी बादलीत नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला. बादली भरत आली तसा आवाज बदलला. मग एक माणूस गायला लागला, म्हणजे गायला असं म्हणायचं, आवाज काही खास नव्हता, सर्दी झाल्यासारखा होता. आला का गा, म्हणत होता. हात पाय धू. बस. भाजी थंडी होऊन राह्यली, जेवून घे. काऊन उशीर केला. बस, जेवून घे. एवढंच. कुठलंसं तारेचं वाद्य मागे टणटण करत होतं आणि तो तेच तेच फिरवून म्हणत होता, कधी हळू, कधी जरा रागावून, आणि शेवटी शेवटी असं की समोरचा माणूस आलेलाच नाही हे आपल्याला कळावं. खाली नाव होतं, मारोती, बेल्लमपल्ली. माणसाचा फोटो नव्हता, बादलीचा होता. ऐकणारे नावालाच. ते कोळशाच्या खाणींचं गाव, तिथल्या खाणकामगारांच्या क्वार्टरात राहणारा कोणी असावा.

माझ्या तोंडून आधी मास्तरीणच बोलली. हे काय गाणं झालं, म्हटलं, असं तर आपण घरात बोलतो.

"हो ना," दादा म्हणाला.

मग मला कसंतरीच झालं. आयुष्यात मी ऐकलेली सगळी गाणी डोळ्यांपुढून गेली. पुण्या-मुंबईच्या मराठीतली, तेलुगूतली, हिंदीतली. आमच्या बोलीत कोणी गातं हे मला माहीत नव्हतं. महाराष्ट्रात गेलं की लोक आमचं बोलणं ऐकून हसतात आणि इथे कचेरीत गेलं की तेलुगूत बोला म्हणतात. मी स्वतः वर्गात पोरांची बोली खोडून खोडून हात दुखवून घेतलेत. आणि हा कोण मारोती, त्याने ती तशीच्या तशी गाण्यात ठेवून दिली होती. अशा वेळी मला राग येतो. मी वायर काढली आणि म्हटलं, चांगलं आहे, ताजं आहे, आज हेच लाव.

दादाने वायर गुंडाळली. "हे नाई लावत," म्हणाला.

मी कारण विचारलं तर त्याने इतक्या शांतपणे समजावून सांगितलं की माझं डोकंच फिरलं. हे गाणं लावलं आणि डुकरं पळाली, तर काय अर्थ झाला? आपलं बोलणं ऐकून डुकरंसुद्धा पळतात. आणि नाही पळाली, त्यांना सवय झाली, तर ती रोज येऊन याच गाण्यावर शेंगा खाणार. कोणी म्हणणार जेवून घे, आणि ती जेवणार. दोन्ही वाईटच. मी त्याला म्हटलं, दादा, हा भोंगा आहे, हे डुक्कर आहे आणि तो भुईमूग आहे, यात भाषेचा मान कुठून आणला? पुढच्या आठवड्यात त्याने ते गाणं इतक्या वेळा ऐकलं की वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. महाशिवरात्र जवळ आली, शेंगा भरल्या, आणि रस्त्याचं खोदकाम करताना कोणी तरी केबल तोडून ठेवली. पुऱ्या मंडळात मोबाइलचं नेटवर्क बंद. नवं गाणं येणार कुठून? दादाने जुनी गाणी उलटसुलट करून लावली, दोन मोबाइलवर दोन एकदम लावली. डुकरांनी सगळी ओळखली. बांधाच्या बाजूचा एक वाफा गेला. वहिनी सकाळी तिथे उभी राहून बघत होती आणि मग घरात आली.

त्या गाण्याचं तिला कोणी सांगितलं माहीत नाही, मी सांगितलं नव्हतं. पण त्या आठवड्यात शनिवारी दुपारीच, शाळा सुटल्यावर, मी पोचले तर अंगणात भांडण पेटलेलं. वहिनी दादाला 'अहो-जाहो' करून भांडते, पण त्या 'तुमी'त जी धार असते ती आमच्या गावात दुसऱ्या कोणाच्या शिवीतही नाही. घरात एक न ऐकलेलं गाणं पडलंय आणि हे ते लपवून ठेवतात, म्हणाली. मी उन्हात वाकून खुरपलं, माझे गुडघे गेले, आणि यांना गाण्याचा मान जपायचाय. दादा बाजेवर बसून तंबाखू मळत होता. मी वहिनीच्या बाजूने बोलले. खरं सांगते, मनापासून बोलले. गाणं परत मिळेल, वावर परत मिळणार नाही, असं मी त्याला ठणकावलं.

ऊन उतरल्यावर वहिनीने मोबाइल त्याच्या खिशातून काढून घेतला. मीच लावते, म्हणाली, आणि पदर खोचून वावराकडे निघाली. तिच्या मागे दादा, त्याच्या मागे मी. मचाणाखाली बाज होती, तिच्यावर ती बसली. मोबाइलमध्ये इतकी गाणी की त्यातलं नेमकं कोणतं ते तिला सापडेना. दादा सांगेना. मग तिने वायर कानात घातली आणि एकेक लावून बघायला लागली. डबे बडवणारी पोरं आली, तिने तोंड वाकडं केलं. आणखी कोणी आलं, तेही गेलं. आणि मग तिचा हात थांबला.

ती ऐकत राहिली. गाणं लांब आहे, ते संपेपर्यंत मी आणि दादा दोघं बांधावर उभे. सागाच्या बाजूने पाचोळा वाजायला लागला होता, म्हणजे टोळी निघाली होती. मी म्हटलं, वयनी, लाव ना. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. शेवटी तिने वायर काढली.

"हा कुठचा हाय?" तिने दादाला विचारलं.

"बेल्लमपल्लीचा."

"त्याची बायको गेली असन," वहिनी म्हणाली. "किंवा पोरगा." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "नका लावू."

"मंग भुईमूग?"

"मले अजून एकडाव आयकवा."

दादा तिच्याजवळ बाजेवर बसला. वायरचं एक टोक तिच्या कानात, एक याच्या. आणि त्या दोघांचं तिथे हे चाललेलं असताना डुकरं हाकलायचं काम कोणाकडे आलं? माझ्याकडे. मी मचाणाखालचा रिकामा डबा घेतला आणि काठीने बडवत बांधावर धावले. चालते व्हा, निघा इथून, म्हणून ओरडले. शाळेतला आवाज, शाळेतली भाषा. टोळीने माझ्याकडे बघितलं आणि चालत राहिली. मग मला संताप आला आणि मी, पळा ना मेल्याहो, काऊन येऊन राह्यले, रानात काई नाई का खायले, असं गळा फाडून ओरडले. ती तरीही आली. ज्यांना जे खायचं होतं ते त्यांनी माझ्यादेखत खाल्लं. बाजेवरच्या दोघांना मी डबा बडवतेय हेसुद्धा कळलं नसावं.

सकाळी वावर बघवत नव्हतं. वेल उलटे पडलेले, माती वर आलेली. दादा पहाटेच उठला होता आणि मचाणावर चढून भोंगा सोडत होता. एकेक तार सोडून नीट गुंडाळत होता. मी खाली उभी होते. वहिनी वाफ्यात उकिडवी बसून मातीत राहिलेल्या शेंगा वेचत होती. अर्धा पदर भरला होता तिचा.

भोंगा खांद्यावर घेऊन दादा खाली उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कोणत्या गाडीने निघायचं, असं त्याने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

"कुठी?" वहिनी म्हणाली.

"प्रवीणकडं. तूच म्हनली होती."

हातातली शेंग तिने झटकली, पदरात टाकली.

"तिथी आपल्याले कोन म्हनन, भाजी थंडी होऊन राह्यली, जेवून घ्या?" ती म्हणाली. "नाई जाचं कुठी. पुढच्या साली इथी मिरची लावू. मिरचीले डुक्कर तोंड लावत नाई."

मला वाटलं आता हा सुटला. वावर राहिलं, गॅलरी टळली, भोंग्याचं आणि जागरणाचं काम उरलं नाही. पण दादाचा चेहरा बघून मी चकित झाले. तो भोंगा खांद्यावर घेऊन तसाच उभा होता, आणि असा हिरमुसला होता की मला त्याची दया आली.

"मंग गाने कोनासाठी शोधू?" त्याने विचारलं.

वहिनी शेंगा वेचतच होती. "माह्यासाठी शोधा," ती म्हणाली.